अट कुठे चुकली? प्रोग्रामिंग शिकताना लागणारं तर्कशास्त्र

हल्ली प्रोग्राम लिहून देणारी एआय साधनं सर्रास वापरली जातात. काय हवं ते साध्या भाषेत सांगितलं की मिनिटभरात कोड हजर. त्यामुळे नव्याने शिकणाऱ्यांचा प्रश्न रास्त आहे: कोड मशीनच लिहिणार असेल तर आपण शिकायचं काय? माझं उत्तर असं, की त्या कोडमधली अट वाचायला शिकायचं. 'हे असेल आणि ते नसेल तर असं कर' या ओळीचा नेमका अर्थ काय, आणि कुठल्या परिस्थितीत ती भलतंच काही करून बसेल, हे ओळखता आलं पाहिजे. हे शिकवणारा विषय म्हणजे विधानांचं तर्कशास्त्र. संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात तो सुरुवातीलाच भेटतो, आणि चिन्हांच्या गर्दीमुळे अनेकांचं मन तिथेच उडतं. त्याचा गाभा मात्र पाच शब्दांचा आहे: नाही, आणि, किंवा, जर, तर.

हे पाचही शब्द आपण दिवसभर वापरतो. अडचणही तिथेच आहे. बोलताना ऐकणारा आपलं म्हणणं सावरून घेतो. मशीन सावरून घेत नाही.

एक लॉगिन, एक शब्द

समजा एखाद्या प्रणालीत शिरायला दोन गोष्टी लागतात: पासवर्ड बरोबर हवा आणि खातं चालू हवं. प्रोग्रामरने ठरवलं की आधी अडवण्याची ओळ लिहू. त्याने लिहिलं: 'पासवर्ड चूक असेल आणि खातं बंद असेल, तर आत सोडू नको, नाहीतर सोड.'

वाक्य कानाला खटकत नाही. पण ते चालवून बघा. कुणीतरी चुकीचा पासवर्ड टाकला, खातं मात्र चालू आहे. 'चूक आणि बंद' ही अट पुरी झाली का? नाही, कारण खातं बंद नाही. म्हणजे अडवायचं कारण उरलं नाही, आणि प्रणाली त्याला आत सोडते. कुठल्याही चालू खात्यात कुणीही, कुठलाही पासवर्ड टाकून शिरू शकतो. 'आणि'च्या जागी 'किंवा' हवं होतं, एवढाच फरक.

अशी चूक वाचताना निसटते आणि चाचणीतही निसटू शकते. चाचणी घेणाऱ्याने फक्त 'सगळं बरोबर' आणि 'सगळं चूक' हे दोन प्रकार तपासले, तर दोन्ही वेळा प्रणाली अगदी शहाण्यासारखी वागते. बिघाड मधल्या दोन प्रकारांमध्ये लपलेला असतो.

विधान कशाला म्हणायचं?

ज्या वाक्याला खरं किंवा खोटं म्हणता येतं ते विधान. '१७ ही मूळ संख्या आहे' हे विधान आहे आणि खरं आहे. '१५ ही मूळ संख्या आहे' हेही विधानच, फक्त खोटं. 'दार लाव' ही आज्ञा झाली, 'किती वाजले?' हा प्रश्न झाला. तिथे खरं-खोटं लागूच होत नाही. 'क्ष हा ५ पेक्षा मोठा आहे' हे वाक्य मात्र अधांतरी असतं, कारण क्ष किती हे ठाऊक नाही. प्रोग्राममध्ये अशी वाक्यं पावलोपावली असतात. पण ती ओळ प्रत्यक्ष चालते तेव्हा क्षला काहीतरी ठरावीक किंमत असते, आणि तेवढ्यापुरतं ते विधान होतं.

पुढची पायरी म्हणजे विधानांना क, ख, ग अशी नावं द्यायची आणि ती कशाबद्दल आहेत हे बाजूला ठेवायचं. सुरुवातीला हे विचित्र वाटतं. पण तीन चोक बारा म्हणताना आपण कशाचे तीन आणि कशाचे चार हे विचारत नाही, तसंच हे आहे. जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाने १८४७ मध्ये आणि मग अधिक विस्ताराने १८५४ मध्ये हेच मांडलं: विचार करण्याच्या काही रीती बीजगणितासारख्या लिहिता येतात, अक्षरं वापरून सोडवता येतात. आज जवळपास प्रत्येक प्रोग्रामिंग भाषेत खरं-खोटं साठवणाऱ्या प्रकाराला 'बूलियन' म्हणतात, ते त्याच्याच नावावरून.

'किंवा' म्हणजे दोन्हींपैकी एकच ना?

'आणि'बद्दल फारसा वाद नाही. 'क आणि ख' हे दोन्ही खरे असतील तरच खरं, एरवी खोटं.

'किंवा'बद्दल मात्र लोक हटकून अडतात. तर्कशास्त्रात 'क किंवा ख' म्हणजे निदान एक तरी खरं. दोन्ही खरे असले तरी चालतं. बोलताना आपण कधी असा अर्थ घेतो, कधी तसा. फॉर्मवर 'ईमेल किंवा मोबाइल क्रमांक भरा' असं असेल आणि तुम्ही दोन्ही भरलेत, तर फॉर्म नाकारला जाईल अशी तुमची अपेक्षा नसते. 'डावीकडे वळ किंवा उजवीकडे' म्हटलं की मात्र एकच घ्यायचं हे आपण न सांगता समजतो. मशीनला असं न सांगता काही समजत नाही, म्हणून एक अर्थ कायमचा पक्का करावा लागला.

मग 'दोन्हींपैकी नेमकं एकच' हवं असेल तर? त्यासाठी वेगळा जोड आहे, त्याला 'एक्सॉर' म्हणतात. जिन्यावरचा दिवा खालच्या आणि वरच्या अशा दोन्ही बटणांनी लागतो आणि विझतो, तिथे हाच जोड असतो. दोन्ही बटणं खाली असताना दिवा बंद असेल, तर एक वर केलं की लागतो आणि दुसरंही वर केलं की पुन्हा विझतो. या एक्सॉरशी पुढे पुन्हा गाठ पडणार आहे.

जाता जाता एक सावधगिरी. कागदावर 'क आणि ख' आणि 'ख आणि क' यांत काही फरक नाही. बऱ्याच प्रोग्रामिंग भाषांत असतो, कारण पहिला भाग खोटा निघाला की मशीन दुसरा भाग बघतच नाही. 'यादी रिकामी नाही आणि तिचा पहिला आकडा धन आहे' ही अट नीट चालते. तीच उलटी लिहिली तर रिकाम्या यादीत पहिला आकडा शोधायला जाऊन प्रोग्राम कोसळू शकतो.

'नाही' आत शिरताना काय करतं?

नव्याने शिकणाऱ्याला एकच गोष्ट सांगायची मुभा मिळाली तर मी ही सांगेन. 'क आणि ख' याचा नकार 'क नाही किंवा ख नाही' असा होतो. 'क किंवा ख' याचा नकार 'क नाही आणि ख नाही' असा होतो. नकार कंसात शिरला की आतला 'आणि' पालटून 'किंवा' होतो आणि 'किंवा'चा 'आणि'. ऑगस्टस डी मॉर्गन या एकोणिसाव्या शतकातल्या गणितज्ञाच्या नावाने हे दोन नियम ओळखले जातात.

लॉगिनच्या अटीत हेच चुकलं होतं. आत सोडायची अट 'पासवर्ड बरोबर आणि खातं चालू' अशी असेल, तर अडवायची अट 'पासवर्ड चूक किंवा खातं बंद' अशीच व्हायला हवी.

याच चुकीचा दुसरा अवतार नवशिक्यांच्या कोडमध्ये नेहमी दिसतो. वापरणाऱ्याने १ किंवा २ हा पर्याय निवडायचा आहे. भलतंच काही टाकलं तर पुन्हा विचारायचं आहे. मग लिहिलं जातं: 'पर्याय १ नसेल किंवा पर्याय २ नसेल, तर पुन्हा विचार.' आता वापरणाऱ्याने १ दाबलं. पहिला भाग खोटा. पण '२ नसेल' हे खरं आहे, कारण १ म्हणजे २ नव्हे. 'किंवा'ला एक खरा भाग पुरतो, म्हणून पुन्हा विचारलं जातं. २ दाबा, तीच गत. काहीही दाबा, प्रोग्राम विचारतच राहतो. कुठल्याही परिस्थितीत खरंच निघणाऱ्या अशा विधानाला 'सर्वतः सत्य' म्हणतात. पुस्तकात त्याला मान असतो, पण अटीच्या जागी ते आलं तर ती अट उरतच नाही.

हे शोधून काढायचं साधन अगदी साधं आहे. सगळ्या शक्यता एकाखाली एक लिहायच्या आणि प्रत्येक ओळीत उत्तर काढायचं. या तक्त्याला सत्यता-कोष्टक म्हणतात. दोन विधानं असतील तर चारच ओळी: खरं-खरं, खरं-खोटं, खोटं-खरं, खोटं-खोटं. लॉगिनची चूक दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत लख्ख दिसली असती. हे कोष्टक सुरुवातीला हाताने, कागदावर मांडावं असा माझा आग्रह आहे. मधल्या ओळी डोक्यातल्या डोक्यात बघायचं आपण टाळतो. कागदावर रिकामी ओळ सोडता येत नाही.

पहिला भागच खोटा असेल तर 'जर-तर' खरं कसं?

या विषयातला सगळ्यात अवघड वाटणारा भाग हाच, आणि तो घाईने समजावला जातो म्हणून जास्तच अवघड वाटतो. नियम असा: 'जर क, तर ख' हे फक्त एकाच परिस्थितीत खोटं ठरतं. क खरं आणि ख खोटं असेल तेव्हा. बाकी तिन्ही ओळींत ते खरं. म्हणजे क खोटं असेल तर ख काहीही असो, पूर्ण विधान खरंच. ऐकणारा म्हणतो, ही काय जबरदस्ती?

जबरदस्ती नाही. हे विधान घ्या: 'जर एखादी संख्या ६ ने भागली जात असेल, तर ती २ ने भागली जाते.' हे प्रत्येक पूर्ण संख्येसाठी खरं आहे, याबद्दल कुणाचंच दुमत नसावं. आता एकेक संख्या घालून बघू. १२ घातली: ६ ने भाग जातो, २ नेही जातो. खरं-खरं. ४ घातली: ६ ने जात नाही, २ ने जातो. खोटं-खरं. ५ घातली: ६ नेही नाही, २ नेही नाही. खोटं-खोटं. नियम प्रत्येक संख्येसाठी खरा आहे असं आपणच म्हटलं, मग तो ४ आणि ५ साठीही खराच धरावा लागतो. चौथी जोडी, म्हणजे ६ ने भाग जातो पण २ ने जात नाही, कधी सापडतच नाही. सापडली असती तर नियम मोडला असता. 'जर-तर'चं कोष्टक असं आपल्या नेहमीच्या बोलण्यातूनच निघालेलं आहे.

यातून तीन गोष्टी हाती लागतात, आणि तिन्ही रोजच्या कामाच्या आहेत.

पहिली. 'जर क तर ख' आणि 'क नाही किंवा ख' ही एकच गोष्ट आहे. अनेक प्रोग्रामिंग भाषांत 'जर-तर'साठी वेगळं तार्किक चिन्ह नसतं, तिथे दुसरं रूप वापरतात. ('असं असेल तर हे काम कर' ही जी आज्ञा असते ती वेगळी. ती काम करते. विधान फक्त खरं किंवा खोटं असतं.)

दुसरी. 'जर क तर ख' याचा नकार 'जर क तर ख नाही' असा होत नाही. तो 'क आहे आणि तरीही ख नाही' असा होतो. एखादा नियम मोडतो का हे तपासायचं असेल तर नेमकी हीच एक ओळ घडवून आणायची असते.

तिसरी गोष्ट दिशेची. 'जर सर्व्हर बंद असेल तर पान उघडत नाही.' पान उघडत नाही, म्हणून सर्व्हर बंद आहे? मुळीच नाही, नेट गेलेलं असेल, पत्ता चुकीचा टाकला असेल. 'जर'ची आणि 'तर'ची बाजू अशी परस्पर अदलाबदल करता येत नाही. पण पान उघडलं, तर सर्व्हर बंद नाही हे मात्र पक्कं. दोन्ही बाजूंना नकार देऊन दिशा उलटी केली की अर्थ जसाच्या तसा राहतो: 'जर क तर ख' म्हणजेच 'जर ख नाही तर क नाही'. प्रोग्राममधली चूक शोधणाऱ्याचं निम्मं काम या एका पायरीवर चालतं, आणि भलत्या दिशेने गेलं की तासन् तास भलतीकडेच शोध सुरू राहतो.

यात आपण किती सहज घसरतो हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६६ मध्ये एका कोड्याने दाखवून दिलं. ते असं मांडता येईल. टेबलावर चार पत्ते आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. तुम्हाला वरून दिसतंय: अ, क, ४, ७. नियम असा सांगितलाय: 'जर एका बाजूला स्वर असेल, तर दुसऱ्या बाजूला सम आकडा असतो.' हा नियम पाळला गेलाय का हे ठरवायला कोणकोणते पत्ते उलटून बघायलाच हवेत?

थोडं थांबून आधी स्वतः उत्तर द्या.

बहुतेक लोक 'अ आणि ४' म्हणतात, किंवा नुसतं 'अ'. बरोबर उत्तर आहे अ आणि ७. ४ च्या मागे काहीही निघालं तरी नियम मोडत नाही, कारण सम आकड्यामागे स्वरच असला पाहिजे असं कुठे म्हटलेलंच नाही. ७ च्या मागे स्वर निघाला तर मात्र नियम मोडला. म्हणजे पुन्हा तीच ओळ: 'जर' खरं, 'तर' खोटं.

या कोड्याचा पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. १९८२ मध्ये ग्रिग्स आणि कॉक्स या संशोधकांनी हाच सांगाडा ठेवून नियम बदलला: 'जर कुणी बिअर पीत असेल, तर त्याचं वय १९ च्या वर हवं.' आता कुणाकुणाला तपासायचं? जो बिअर पितोय त्याचं वय, आणि जो लहान आहे तो काय पितोय ते. बहुसंख्यांनी हे अचूक सांगितलं. म्हणजे तर्क आपल्याकडे असतो. ओळखीचा संदर्भ काढून घेतला की तो पटकन हाती लागत नाही. आणि कोडमधल्या अटींचा संदर्भ बहुधा अनोळखीच असतो. चिन्हांचा सराव करायचा तो याचसाठी.

या सगळ्यातून बेरीज कशी होते?

बूलच्या बीजगणिताला यंत्रात उतरायला बराच काळ जावा लागला. १९३७ मध्ये क्लॉड शॅनन या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने अमेरिकेतल्या एमआयटीत पदव्युत्तर प्रबंध लिहिला. टेलिफोन केंद्रांत वापरत तशा रिले-स्विचचं (विजेने आपोआप लागणाऱ्या-तुटणाऱ्या स्विचचं) जाळं आणि बूलचं बीजगणित एकच आहे, हे त्याने दाखवलं. दोन स्विच एकापुढे एक जोडले तर दोन्ही चालू केल्यावरच वीज वाहते: हा 'आणि'. शेजारी-शेजारी समांतर जोडले तर एकानेही काम भागतं: हा 'किंवा'. जपानमध्ये अकिरा नाकाशिमाही त्याच दशकात याच दिशेने पोचले होते. तोवर अशी जाळी अनुभव आणि अंदाजाच्या जोरावर उभी केली जायची. आता ती कागदावर सोडवता येऊ लागली, आणि कमी स्विचमध्ये तेच काम होतं का हेही पाहता येऊ लागलं.

पण खरं-खोट्यातून गणित कसं होतं? ० म्हणजे खोटं, १ म्हणजे खरं असं धरा आणि एक-एक अंकाची बेरीज द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ हे अंक वापरून करा. ० आणि ० ची बेरीज ०. ० आणि १ ची १. १ आणि ० चीही १. १ आणि १ ची बेरीज दोन, म्हणजे द्विमानात १०: जागेवर ०, हातचा १. आता जागेवरचा अंक चारही ओळींत वाचा: ०, १, १, ०. हा जिन्यावरच्या दिव्याचा एक्सॉर आहे. हातचा वाचा: ०, ०, ०, १. हा 'आणि' आहे. एक एक्सॉर आणि एक 'आणि' जोडला की बेरीज करणारं सगळ्यात लहान मंडळ (सर्किट) तयार होतं. हातचा पुढे नेत अशी मंडळं एकापुढे एक लावली की हव्या तेवढ्या मोठ्या संख्या मिळवता येतात. वजाबाकी, गुणाकार, तुलना, सगळं याच विटांवर उभं राहतं.

विटाही फार प्रकारच्या लागत नाहीत. हेन्री शेफर यांनी १९१३ मध्ये दाखवलं की 'क आणि ख' याचा नकार, म्हणजे 'नँड', एवढा एकच जोड असला तरी बाकी सगळे त्यातून बनवता येतात. 'किंवा'च्या नकाराचंही तसंच. त्याला 'नॉर' म्हणतात. चंद्रावर माणूस उतरवणाऱ्या अपोलो यानांतल्या मार्गदर्शक संगणकाचं तर्कमंडळ तीन इनपुट घेणाऱ्या नॉर मंडळांतूनच बांधलेलं होतं.

कोष्टक मांडलं की काम संपलं, मग यात अवघड काय?

विधानं वाढतात तसं कोष्टक दुपटीने वाढतं. १० विधानांना १,०२४ ओळी. २० ना दहा लाखांवर. ३० ना १०७ कोटींवर. ३०० विधानांच्या कोष्टकातल्या ओळी दृश्य विश्वातल्या अणूंच्या अंदाजित संख्येहून जास्त होतात, आणि ३०० विधानं ही खऱ्या कामात काहीच नव्हेत.

म्हणून प्रश्न असा येतो: एखादी लांबलचक अट दिली, तर ती खरी ठरवणारी एक तरी ओळ आहे का, हे सगळं कोष्टक न मांडता झटपट सांगता येईल का? या प्रश्नाला 'सॅट' म्हणतात. स्टीफन कुक यांनी १९७१ मध्ये सिद्ध केलं, आणि सोव्हिएत संघात लिओनिद लेविन यांनी स्वतंत्रपणे तेच गाठलं, की वेळापत्रक लावण्यासारख्या असंख्य अवघड प्रश्नांचं रूपांतर सॅटमध्ये करता येतं. सॅटची कायम झटपट चालणारी रीत सापडली तर ते सगळेच प्रश्न सुटतील. अशी रीत असू शकते की नाही, याचं उत्तर आजही कुणाला माहीत नाही. २००० साली क्ले गणित संस्थेने त्यावर दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं, ते अजून तसंच आहे.

आणि तरीही व्यवहारात हे प्रश्न रोज सुटतात! मार्टिन डेव्हिस आणि हिलरी पुटनम यांनी १९६० मध्ये एक रीत सुचवली, १९६२ मध्ये ती सुधारली गेली, आणि आजच्या सॅट सोडवणाऱ्या प्रोग्रामांची मुळं तिथे आहेत. कल्पना अशी: एका विधानाला 'खरं' मानून पुढे जा, त्यातून जे जे आपोआप ठरतं ते ठरवून टाक, विसंगती आली की मागे फिर. नव्या प्रोग्रामांनी त्यात 'ही विसंगती का आली' हे लक्षात ठेवायची भर घातली, म्हणजे तीच चूक दुसरीकडे पुन्हा होत नाही. आज लाखो विधानांच्या कित्येक अटी अशा सुटतात.

याचं एक उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे. ३, ४, ५ हे पायथागोरसचं त्रिकूट, कारण ९ आणि १६ मिळून २५. प्रश्न असा: सगळ्या धन पूर्ण संख्यांना लाल किंवा निळा रंग असा देता येईल का, की कुठल्याच त्रिकुटातले तिन्ही आकडे एकाच रंगाचे नसतील? हे विधानांत मांडायला फक्त एकच गोष्ट लागते: प्रत्येक संख्येसाठी 'ही संख्या लाल आहे' असं एक विधान. मग ३, ४, ५ साठी दोन अटी होतात. '३ लाल किंवा ४ लाल किंवा ५ लाल', म्हणजे तिन्ही निळे नाहीत. आणि '३ लाल नाही किंवा ४ लाल नाही किंवा ५ लाल नाही', म्हणजे तिन्ही लाल नाहीत. प्रत्येक त्रिकुटाच्या अशा दोन-दोन अटी 'आणि'ने जोडत जायचं. इतकंच. नाही, आणि, किंवा, याहून जास्त काही नाही.

मारेन हॉइले, ऑलिव्हर कुलमन आणि व्हिक्टर मारेक यांनी २०१६ मध्ये हे सोडवलं. १ ते ७,८२४ पर्यंत असं रंगवता येतं. १ ते ७,८२५ रंगवता येत नाही, कसंही करा. रंगवायचे प्रकार मोजायला गेलं तर एकावर २,३०० हून जास्त शून्यं लागतील. टेक्सासमधल्या महासंगणकाच्या ८०० कोअरवर सुमारे दोन दिवसांत काम झालं, आणि सिद्धता जवळपास २०० टेराबाइटची निघाली.

हीच पद्धत चिप तपासायला वापरतात. १९९४ मध्ये इंटेलच्या पेन्टियम चिपमध्ये भागाकाराची चूक सापडली आणि कंपनीने त्यापायी ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढून ठेवले. त्यानंतर चिप नुसत्या चाचण्यांवर न सोडता गणिताने तपासण्यावर भर वाढला. जुनं आणि सुधारलेलं मंडळ अगदी सारखंच वागतं का, हे कसं तपासायचं? दोन्हींची उत्तरं एक्सॉरमध्ये घालायची आणि विचारायचं: हा एक्सॉर कधीतरी १ होतो का? 'कधीच नाही' असं उत्तर आलं तर दोन्ही मंडळं सारखी, आणि हे काही नमुने बघून नव्हे, सगळ्या शक्यतांसाठी.

सगळं काही खरं किंवा खोटंच असतं का?

हा आक्षेप योग्य आहे. 'उद्या पाऊस पडेल' याबद्दल आपण ७० टक्के खात्री बाळगतो, 'हा माणूस उंच आहे' याला सीमारेषा नसते. संभाव्यतेचं गणित अशा गोष्टींसाठीच आहे, आणि आजची एआय मॉडेलं त्यावर चालतात. पण ती ज्या चिपवर चालतात तिच्यात हेच आणि-किंवा-नाही आहे. शिवाय मॉडेलने ७० टक्के सांगितलं तरी पुढे 'आकडा ५० च्या वर असेल तर इशारा दे' अशी अट येतेच, आणि तिथे पुन्हा खरं किंवा खोटं.

दोन किमती खरोखरच अपुऱ्या पडतात अशी एक जागा प्रोग्रामरच्या रोजच्या कामात आहे, ती म्हणजे डेटाबेस. एसक्यूएल या भाषेत रकाना रिकामा असेल तर त्याच्याशी केलेली तुलना खरीही नसते, खोटीही नसते. 'माहीत नाही' अशी तिसरी किंमत येते. 'वय ३० आहे किंवा वय ३० नाही' हे साध्या तर्कशास्त्रात सर्वतः सत्य. पण हीच अट लावून नोंदी मागवल्या तर ज्यांचं वय भरलेलंच नाही त्या नोंदी यादीतून गायब होतात, आणि अहवालातली बेरीज का जुळत नाही हे कुणाला कळत नाही. साधं तर्कशास्त्र पक्कं असेल तर हा अपवाद कुठे सुरू होतो ते दिसतं.

याच्यापलीकडे काय?

या तर्कशास्त्राला विधानाच्या आत डोकावता येत नाही. 'सगळी माणसं मर्त्य आहेत', 'सॉक्रेटिस माणूस आहे', म्हणून 'सॉक्रेटिस मर्त्य आहे' हा हजारो वर्षं दिला जाणारा युक्तिवाद घ्या. आपल्या पद्धतीत तो क, ख, म्हणून ग एवढाच उरतो, आणि क-ख वरून ग का यावा हे सांगताच येत नाही. त्यासाठी 'प्रत्येक' आणि 'निदान एक' हे दोन शब्द जोडावे लागतात. गॉटलोब फ्रेगे यांनी १८७९ मध्ये ते नीट बसवून दिले.

तिथेही शिकलेलं कामी येतं. 'सगळ्या चाचण्या पास झाल्या' याचा नकार काय? घाईत माणूस म्हणतो, 'सगळ्या चाचण्या नापास झाल्या.' पण 'सगळ्या पास' म्हणजे पहिली पास आणि दुसरी पास आणि तिसरी पास, शेवटपर्यंत. त्याला नकार लावला की प्रत्येक 'आणि'चा 'किंवा' होतो: पहिली नापास किंवा दुसरी नापास किंवा तिसरी नापास. म्हणजे निदान एक नापास. हा डी मॉर्गनचाच नियम, फक्त यादी लांब झाली. प्रोग्राम पुढे पाठवायचा की थांबवायचा हे ठरवणारी अट लिहिताना 'एकही नापास असेल तर थांब' असं लिहायचं की 'सगळ्या नापास असतील तर थांब', हे आता तुम्ही कोष्टक न मांडताही सांगू शकाल.